आठवीच्या वर्गाचं निवेदन

मे महिना लागला की मी आठवीच्या मुलांना जुन्या अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत घेऊन जाते आणि वर्गातला एसी बंद करते.

आमची शाळा दुबईत, अभ्यासक्रम अमेरिकन, मुलं जगभरची आणि त्यांना अमेरिकेचा इतिहास शिकवणारी मी पुण्याची. सगळ्या पुस्तकात मला सुधारणांचा धडा प्रिय. न्यू इंग्लंडमधल्या नदीकाठच्या गिरण्या, शेतावरचं घर सोडून तिथे कामाला आलेल्या तरुण मुली, घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून खिडक्या बंद, आत दमट उकाडा. हे नुसतं वाचून दाखवलं की मुलं माना डोलावतात आणि टेबलाखाली फोन बघतात. म्हणून मी एसी बंद करते, दारं लावून घेते आणि म्हणते, आता बसा असेच आणि सांगा, तुम्ही काय केलं असतं? दुबईतल्या मे महिन्यात फार वेळ लागत नाही. पोरं माझ्या नावाने शंख करतात, पण धडा विसरत नाहीत.

त्या वर्षी त्या घामाघूम वर्गातून पहिला हात वर आला तो माझ्या मुलीचा. शिक्षकांच्या मुलांना फीमध्ये सवलत असते, म्हणून ती माझ्याच शाळेत आणि तेव्हा नेमकी माझ्याच वर्गात.

"मिस," ती म्हणाली. शाळेत मी तिची मम्मा नाही असा आमचा करार होता. "बट आपा सिट्स लाइक धिस एव्हरी सिंगल डे."

आपा म्हणजे आमच्या बसवरची बाई. लहान मुलांना चढवायला-उतरवायला इथे प्रत्येक शाळेच्या बसवर एक बाई असते, तिला बस नॅनी म्हणतात. आम्ही राहतो शारजापलीकडच्या अजमानला, कारण दुबईची भाडी आम्हाला झेपत नाहीत. मी आणि मुलगी शाळेच्याच बसने जातो-येतो, आणि त्या बसवर आपा. दापोलीकडच्या खाडीकाठची, पन्नाशीची, जिभेने तिखट. तिची मुलगी गावाकडे नर्सिंग शिकत होती आणि आपाचा पगार तिकडे जात होता. सकाळी मुलांना सोडलं की दुपारी शाळा सुटेपर्यंत आपाला जायला जागा नव्हती. अजमानला परत जाणं परवडत नाही, आणि शाळेच्या इमारतीत बसच्या कंत्राटदाराच्या माणसांना बसायची परवानगी नाही. ती उभ्या बसमध्ये बसायची. डिझेल वाचावं म्हणून एंजिन बंद, म्हणजे एसीही बंद.

हे मला माहीत होतं. इथे असं पुष्कळ काही माहीत असतं आणि आपण आपल्या कामाला लागतो.

मुलांना तशी सवय नव्हती. पुढच्या तासाला त्यांनी ठरवूनही टाकलं की धड्यातल्यासारखं निवेदन लिहायचं. बस नॅनींना बसायला एक थंड खोली द्या, बस, एवढीच मागणी. मी धड्यात सांगितलं होतं की गिरणीतल्या मुलींनी दहा तासांच्या दिवसासाठी सह्या जमवल्या, सरकारी समितीपुढे जाऊन स्वतःच्या तोंडाने साक्षी दिल्या, तरी समिती गिरण्या बघायला गेली, आवारातली झाडं आणि गवत बघून खूश झाली आणि हात झटकून मोकळी झाली. "देन वी नीड बेटर टेस्टिमनी," माझी मुलगी म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मला अभिमान वाटला. पण या देशात सह्या गोळा करणं ही हौसेची गोष्ट नाही. माझा नवरा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला, सुट्टीपुरता घरी येतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "वर्गातल्या वर्गात ठेव. बाहेर जाऊ देऊ नकोस." मी म्हटलं, अरे, आठवीतल्या पोरांचा प्रोजेक्ट आहे तो. त्यावर तो म्हणाला, "पोरांचा आहे. पण आपाला व्हिसा कोणी दिलाय, शाळेने?" नव्हे. बसच्या कंत्राटदाराने. तेवढ्यावर आमचं बोलणं थांबलं.

चार दिवसांनी प्रिन्सिपलने मला बोलावलं. त्या अमेरिकन, वयाने माझ्याएवढ्याच, मुलांवर जीव असलेल्या बाई. समोरच्या खुर्चीत बसच्या कंपनीचा मॅनेजर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. त्याच्याशी माझं आजवर जे काही बोलणं झालं होतं ते हिंदीत किंवा इंग्रजीत, तेही बस उशिरा आली की.

प्रिन्सिपलच्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ होता. माझ्या मुलीने आदल्या संध्याकाळी वर्गाच्या ऑनलाइन पानावर टाकलेला. मी तो पाहिलाही नव्हता.

"निवेदन फार छान झालंय," प्रिन्सिपल म्हणाल्या. "परवानगीचा प्रश्न आहे म्हणून व्हिडिओ मी पानावरून काढलाय. पण पुढच्या आठवड्यात संचालकांची बैठक आहे. साक्ष पक्की असेल तर तिथे मी ही खोली मिळवून देईन. मुलीने खाली घातलेलं भाषांतर अर्धंच आहे, तेव्हा ती बाई काय म्हणतेय ते सगळं तुम्ही इंग्रजीत सांगा, मी लिहून घेते."

त्यांनी बटण दाबलं. बसच्या खिडकीशी आपा, डोक्यावरची ओढणी सारखी करत, कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

"अस्सलाम आलेकुम आजी," आपा म्हणाली. "कशा हायेत तुमी?"

माझ्या सगळं लक्षात आलं. आपल्या इथल्या माणसांचा अर्धा जीव त्या फोनमध्ये असतो. कोणी नवी ओढणी घेतली, कोणाच्या घरी कोलंबी शिजली, की लगेच व्हिडिओ काढायचा आणि गावाला पाठवायचा. माझी मुलगी प्रोजेक्टसाठी म्हणाली असणार, ती खोटं बोलत नाही. पण आपल्या भाषेतली पोर फोन समोर धरून विचारतेय म्हटल्यावर आपाने तेच धरलं जे इथलं कोणीही धरेल. हा व्हिडिओ पुण्याला आजीला जाणार. ती साक्ष देत नव्हती. ती माझ्या सासूबाईंशी गप्पा मारत होती.

"तुमची नात मना विचारते, आपा, तू दिवसभर काय करतेस. काय करणार? पोरांना सोडते नि बशीत बसते. भट्टी नुसती. दार उघडं टाकलं तरी वारा गरमच येतो. पाणी पण जपून पिते, सारखं बाथरूमला कोणाच्या पाया पडायचं?"

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. प्रिन्सिपल लिहीत होत्या, मध्येच मान हलवत होत्या. मॅनेजर एका फोनकडे बघत होता. सगळं ठीक चाललं होतं आणि मग आपा आणखी मोकळी झाली.

"पण अल्लाचा करम हाय, आजी. सुट्टीच्या दिवशी मी घरी डबे करते. आमच्या बिल्डिंगीतले सगळे बॅचलर लोक माझ्याकडेच खातात. पगार पोरीला जातो, माझं डब्यांवर भागतं. तुमची सूनबाई पण नेते माझी सुरमय, विचारा तिला!"

इथे एका मालकाच्या व्हिसावर येऊन दुसरीकडे पैसे मिळवता येत नाहीत. आणि परवान्याशिवाय घरून जेवण विकणं त्याहून वाईट. हे कळलं की पुढचं काही कोणाच्या हातात राहत नाही. आपाला पहिल्या विमानात बसवतील, आणि पोरीचं नर्सिंग अर्ध्यावर. आणि हे सगळं तिने हसत हसत, मलाही साक्षीला घेऊन सांगितलं होतं.

"आता काय म्हणाली?" प्रिन्सिपलनी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी ती विश्रांती घेते, म्हणतेय," मी म्हणाले. "आणि माझ्या सासूबाईंना सलाम सांगतेय."

प्रिन्सिपल हसल्या. त्यांनी ते लिहून घेतलं. मॅनेजरने फोनवरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी म्हटलं, सुटलो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माझ्या मागून आला. "मॅडम," तो म्हणाला आणि मग स्वच्छ मराठीत, "माझी शाळा कल्याणला झाली."

म्हणजे डब्यांचं त्याला सगळं कळलं होतं.

"मी काही वाईट माणूस नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आपा चांगली बाई आहे, मला माहीत आहे. पण तिच्या व्हिसावर आमच्या कंपनीचं नाव आहे. बाहेरचं काम पकडलं गेलं तर दंड आम्हाला आणि माझी नोकरी पण गेली. हा कागद संचालकांकडे गेला की ते आमच्या साहेबांना बोलावणार, साहेब व्हिडिओ मागणार. मग मला मराठी येत नाही असं मी नाही सांगू शकत. तुम्ही निवेदन थांबवा. मी पण काही ऐकलं नाही. खलास."

"आणि खोली?"

"खोलीचं बघू. इन्शाल्ला," तो म्हणाला. इथे हा शब्द कोणत्या सुरात म्हटला की त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो, हे आम्ही सगळेच ओळखतो.

त्याचा मला संताप आला. संताप येऊन उपयोग नव्हता, कारण माणूस खोटं बोलत नव्हता. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मुलांनी जिच्यासाठी हात वर केला होता, तिचंच वाटोळं होणार होतं.

दुपारी बसमध्ये मी पुढे, आपाच्या मागच्या सीटवर बसले आणि खालच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"तो आजीचा व्हिडिओ नव्हता?"

"नव्हता, आपा."

"तुमच्या पोरीच्या प्रोजेक्टला माझी पोर घरी बसवायची काय?" ती फणकारली. पुढच्या सीटवरचं एक छोटं पोर घाबरून तिच्याकडे बघायला लागलं, तशी तिने आवाज खाली आणला. "खोली कोणी मागितली होती? मी बोलले होते तुमाला?"

"उकाड्यात बसायला आवडतं का तुम्हाला?" मीही चिडले. "त्या मुलांनी तुमच्या भल्यासाठीच केलं ना!"

"मग आता माझ्या भल्यासाठी बंद करा," आपा म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली. शारजा मागे पडलं, अजमान आलं, तिने एकेका मुलाला हात धरून उतरवलं, आम्हाला उतरवताना मात्र रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिली.

घरी आल्यावर मी मुलीला समोर बसवलं. निवेदन मागे घ्यायचं, एवढंच आधी सांगितलं. ती उसळलीच.

"मम्मा, धिस इज लिटरली व्हॉट यू टॉट अस! त्या मुली घाबरल्या असत्या तर..." रागाच्या भरात तिच्या तोंडून मराठी येतं, आणि मग ती परत इंग्रजीवर जाते. "यू सेड दे लॉस्ट अँड दे ट्राइड अगेन."

"त्या हरल्या तर परत शेतावर जात होत्या," मी म्हणाले. "आपाला शेत नाही." आणि मग डब्यांपायी आपावर काय ओढवेल ते मी तिला सांगितलं, मॅनेजरचं सांगितलं, मी प्रिन्सिपलपुढे काय बोलले तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा लहान होत गेला.

"कॅन दे रिअली सेंड हर बॅक?"

"हो."

"बिकॉज ऑफ फिश?"

"बिकॉज ऑफ फिश," मी म्हणाले.

मग मी तिला सांगितलं की तू काही करू नकोस, मी टीचर म्हणून उद्या वर्गाला सांगते की प्रोजेक्ट बंद. तिने नकारार्थी मान हलवली. तिचं म्हणणं, त्याने काही होणार नाही. टीचरने बंद केलं की वर्ग आणखी पेटून उठेल, कोणीतरी घरून पालकांना सांगेल, पालक प्रिन्सिपलला लिहितील, मग व्हिडिओ परत बाहेर येईल. आणि खरं कारण सांगितलं तर आपाला आम्हीच पकडून दिल्यासारखं. ती बराच वेळ सोफ्याच्या कव्हरचा धागा ओढत बसली. मी तिला ओरडले नाही.

"आय विल डू इट," ती शेवटी म्हणाली. काय करणार, ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला ती उठून फळ्यापाशी आली. सगळ्या वर्गाच्या सह्यांचा मोठा पिवळा कागद भिंतीला लावलेला होता. त्याच्याशेजारी ती उभी राहिली, हात पाठीमागे.

"गाइज, आय हॅव टू से समथिंग. वुई हॅव टू टेक द पिटिशन बॅक. आय गॉट इट राँग. माय मराठी इज रिअली बॅड. आपा डिडन्ट से दोज थिंग्ज. आय थॉट शी डिड, अँड आय जस्ट... आय फिल्ड इन द रेस्ट."

वर्गात आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, म्हणजे ती बसमध्ये बसतच नाही? कोणी म्हणालं, तू आमच्याकडून खोट्यावर सह्या घेतल्यास? तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, जिने दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत फिरून सह्या जमवल्या होत्या, ती नुसती हिच्याकडे बघत राहिली. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

मुलीचं मराठी अगदी पक्कं आहे. बोलायचा कंटाळा करते, पण समजण्यात ती कधी चुकत नाही. त्या व्हिडिओखाली तिने घातलेलं भाषांतर मी नंतर तिच्या फोनवर प्रत्येक वाक्याशी ताडून बघितलं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. डब्यांचा भाग तेवढा तिने वेळ संपली म्हणून पुढच्या दिवसावर ठेवला होता.

"मिस," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "यू स्पीक मराठी. इज दॅट ट्रू? डिड शी गेट इट राँग?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मुलगीही वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्याकडे फक्त बघत होती, मी आता काय म्हणणार याची वाट बघत. मी 'नाही' म्हटलं असतं तर सगळ्या वर्गासमोर तिची मान ताठ झाली असती, आणि आपा गेली असती.

"येस," मी म्हणाले. "शी गेट्स थिंग्ज राँग समटाइम्स. शी इज स्टिल लर्निंग."

तिने मान खाली घातली. कोणीतरी फेक न्यूज असं म्हणालं आणि वर्ग हसला. मी त्यांना गप्प केलं, पुस्तकं उघडायला सांगितली आणि पुढचा धडा काढला. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याची मला आजही चीड येते. प्रिन्सिपलना मी मधल्या सुट्टीत जाऊन सांगितलं की साक्षीत गफलत झाली, मीही घाईत चुकीचं सांगितलं, निवेदन मुलांनी मागे घेतलंय. त्या निराश झाल्या. मुलांना पुरावा तपासायला शिकवा, असं म्हणाल्या, आणि ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

दुपारी शाळा सुटली. बातमी आपापर्यंत पोचली होती, मॅनेजरने फोन केला असणार. आमची बस तशीच सकाळपासून उन्हात उभी होती आणि आपा तिच्या दाराशी उभी, ओढणीने मान पुसत. मुलीला बघून तिचा चेहरा उजळला. तिने दोन्ही हातांनी तिचे गाल धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "शाणी गो माझी बाय! अल्ला तुला खूप मोठी करो."

"थँक यू, आपा," मुलगी म्हणाली आणि बसमध्ये चढली. मी तिच्या मागोमाग.

एंजिन नुकतंच सुरू झालं होतं, आत अजून भाजत होतं. मागच्या बाकावर तिच्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. मध्ये एक जागा रिकामी होती. ती तिकडे चार पावलं गेली, तसं त्यांच्यातल्या एकीने आपलं दप्तर उचलून त्या जागेवर ठेवलं. मुलगी वळली, पुढे आली, आणि शाळेच्या बसमध्ये पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसली. आपा पुढून मोठ्याने म्हणाली, "चला चला, यल्ला, पट्टे लावा सगळ्यांनी." मुलीने दप्तर मांडीवर घेतलं आणि पट्टा लावला.